तिच्या घरी ठेवलेला कागद

मित्रमैत्रिणींनो, दुपारी पैठण रोडवरच्या एका गावातून परत आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

माझं संशोधन नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांवर आहे. कॉलेजच्या एथिक्स कमिटीचा नियम असा, की संमतीपत्राची एक प्रत बाईकडं ठेवायचीच. मला घरीच अक्षरं शिकवताना आबाही सांगायचे, "ज्याचा अंगठा घेशील, त्याला कागद दे." पहिल्या भेटीत त्या गावातल्या एका ताईंचा अंगठा घेतला, तेव्हा मी दिला.

आज दुसऱ्यांदा गेले, तर त्या ताईंचा हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला. नवरा कामावर गेला होता.

ताईंनी पिठाच्या डब्याखाली लपवलेला कागद त्याला सापडला होता. त्यानं तो मोठ्यानं वाचला आणि वरवंटा उचलला. "याच हाताचा अंगठा दिला ना?" म्हणत दोनदा घातला. हाड मोडल्याचा आवाज शेजारणीनंही ऐकला.

"मला वाचता येत नाय, ताई," त्या म्हणाल्या. "त्यालाच येतं. मग कागद कुणासाठी ठेवला व्हता?"

कमिटीच्या सरांना फोन केला. "नियम पाळलात ना? मग तुम्हाला काही होणार नाही."

उद्या दुसऱ्या घरी जायचंय. दोन्ही प्रती बॅगेत आहेत. तुम्ही तिथं एक ठेवली असती?