निकाहाआधीची तपासणी

आजूबाजूच्या दवाखान्यांतून चिठ्ठी घेऊन आमच्या हॉस्पिटलात आलेला पेशंट आधी माझ्यासमोर बसतो. चिठ्ठी वाचायची, त्याला चार प्रश्न विचारायचे आणि ठरवायचं, याला आत्ताच आत न्यायचं की थोडं थांबवलं तरी चालेल. ज्याला थांबवायला नको होतं त्यालाच थांबवलं तर, ही धास्ती घरी भात टाकतानाही मनात असते.

त्या बाईंना मात्र मी थांबवलं नव्हतं. निजामपुरा मोहल्ल्यातल्या कोकणी मुसलमान घरातल्या, पंचेचाळिशीच्या, विधवा. चिठ्ठीत लिहिलं होतं, छातीत गाठ. दुसऱ्याच दिवशी सर्जनना दाखवायला या, असं मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि आल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "आता बरं वाटतंय." गाठीला बरं वाटत नसतं. नंतर त्यांनी फोन उचलणंच बंद केलं.

पेशंटच्या घरी जाणं माझ्या कामात बसत नाही. तरी ड्युटी संपल्यावर युनिफॉर्म बदलून रिक्षात बसले. गल्लीत एकीने विचारलं, "किसके यहाँ जाना है?" मी म्हटलं, "पहचान के हैं." हॉस्पिटलचं नाव काढलं नाही.

मला दारात बघून बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला आत ओढलं, दार लावलं. शेजारीच कापडाचे लूम चालू होते. त्या खडखडाटात कुजबुजायची सोय नव्हती, पण आमचं बोलणं भिंतीपलीकडे जाण्याचीही भीती नव्हती.

"कशाला आलात सिस्टर? मुलीचा निकाह ठरलाय. मुलाकडच्यांना कळलं आईला असलं काही हाय, तर मोडतील ना!"

"आपा, कोणाला कळणार नाही. तपासायला तर या."

"निकाह होऊ दे, मग येते."

"आणि तोवर वाढलं तर? मुलीची पाठवणी कोण करणार?"

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी ओढणीचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सोबत राहणार?"

राहिले. सर्जनांनी तपासलं, सुईने तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी रोज कामावर जाऊन चिठ्ठ्या वाचत होते, पण एकेक ओळ दोनदा वाचावी लागत होती.

रिपोर्टच्या दिवशी सर्जन म्हणाले, "साधी गाठ आहे. कॅन्सर नाही." बाईंना पटेना. माझ्याकडे वळून विचारलं, "खरं सांगतायत ना?" मी हो म्हटलं, तशी त्या माझा हात धरून रडायला लागल्या.  त्यांना घेऊन बाहेर आले आणि बाकावर टेकले.

जरा पलीकडे जाऊन त्यांनी मुलीला फोन लावला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. मुलगी जी भडकली! "अम्मी, मला का नाही सांगितलंस? निकाह मोडला असता तर मोडला असता!" तिचा आवाज मला बाकावर बसूनही ऐकू येत होता. बाई ओल्या डोळ्यांनी हसत, "हो गं, हो गं" करत ऐकून घेत होत्या. वॉचमन आवाज कमी करा सांगायला आला. मी त्याला हातानेच थांबवलं. मनात म्हटलं, लेकीचं बोलणं ऐकू दे त्यांना.