बोटीतून विहिणीच्या दारी: लुईझियानाच्या पाण्यावरचं जेवण

वैशालीच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी तिचं घर मी पाहिलं नव्हतं. लग्न अमेरिकेतच, कचेरीत सह्या करून झालं. आम्ही नवराबायकोनं ते शिरूर अनंतपाळला बसून मोबाईलवर पाहिलं, तेही मधेच रेंज गेली. जावई ल्यूक लुईझियानाचा. पाण्याच्या काठानं राहणारी, मूळची फ्रेंच बोलणारी ही माणसं. त्यांना केजन म्हणतात आणि त्यांचं जेवण तिकडे नावाजलेलं आहे. यंदा वैशालीनं हट्टच धरला, "नाना, या. बोटीनं फिरू, काठाकाठानं खात जाऊ." बायकोचे गुडघे चालत नाहीत, म्हणून एकट्यानं निघायचं ठरलं आणि तेव्हापासून माझी झोप उडाली.

विमानाची काळजी होतीच, पण जेवणाची जास्त. आमच्याकडे नातवंड होईपर्यंत बाप लेकीच्या सासरी जेवत नाही. जुनी माणसं तर पाणीही पीत नसत. वैशालीला अजून मूल नाही. मी तोडगा काढला. लातूरची तूरडाळ, ज्वारीचं पीठ आणि येसर बॅगेत भरलं. लेकीच्या चुलीवर माझंच धान्य शिजलं तर रीत मोडत नाही.

"अन् तिच्या सासूनं जेवाया बसवलं तर?" बायकोनं विचारलं.

"तिचं हॉटेल हाय. पैसे देऊन खाईन."

"बघा बाबा, तुमचं तुम्ही."

जाणाऱ्यांसाठी सांगतो. लातूरहून हैदराबाद जवळ पडतं, मुंबईची दगदग नको. विमान वाटेत एकदा बदलून ह्यूस्टनला उतरलो. डाळ-पीठ नेत असाल तर उतरल्यावर कागदावर तसं लिहून द्या, लपवू नका. तिथल्या अधिकाऱ्यानं विचारण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं, तर तो हसला. तिथून लुईझियानातलं लाफायेट मोटारीनं अर्ध्या दिवसाचा रस्ता, सपाट आणि गुळगुळीत. मार्च-एप्रिलात जा. तेव्हा ऊन सोसवतं आणि क्रॉफिशचा हंगाम असतो. मच्छराचं मलम विसरू नका.

बोट ल्यूकचीच, सपाट तळाची, पत्र्याची. मी डाळ-पिठाची बॅग पायाशी ठेवली, लाइफ जॅकेटचे पट्टे तपासले, मग ल्यूककडून तपासून घेतले. तो मराठी वैशालीकडून शिकलाय, म्हणजे आमच्या गावची. "नाना, बोट पक्की हाय. तुम्ही ढिले व्हा," तो म्हणाला.

पण पाण्यात शिरलो आणि भीती मागे राहिली. झाडं पाण्यातच उभी. फांद्यांवरून राखी रंगाच्या जटा लोंबत होत्या. बोट पुढे जाईल तसं पाणी फाटत होतं आणि मागे पुन्हा मिटत होतं. एका उन्हाळ्यात आमच्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं होतं. त्या जिल्ह्याचा मी, आणि इथं नजर पोचेल तिथवर पाणी. कुणी नंबर लावलेला नाही, कुणी घागर ठेवलेली नाही. मी हात बुडवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

पहिला मुक्काम लाकडी धक्क्यावरच्या एका खानावळीत. बोट खांबाला बांधायची आणि वर चढायचं. टेबलावर कागद अंथरून पोरीनं पातेलंच उलटं केलं. लालभडक क्रॉफिश, मक्याची कणसं, बटाटे, सगळ्याला तिखट माखलेलं. क्रॉफिश म्हणजे खेकडा आणि झिंगा यांच्या मधलं काहीतरी. हुरड्याला बसतात तसं सगळे ढिगाभोवती बसतात, सोलतात, बोटं चाटतात, गप्पा मारतात. चमचा कुणी मागत नाही. भाव वजनावर असतो आणि रोज बदलतो, म्हणून आधी विचारा. पैसे मी दिले. ल्यूक नको म्हणत होता, वैशालीनं त्याला डोळ्यानं गप्प केलं.

पुढच्या वळणावर ओंडक्यावर मगर पसरलेली दिसली. मी बोटीच्या मधोमध सरकलो.

"नाना, ती तुमच्यापेक्षा जास्त भ्यालीय," वैशाली म्हणाली.

दुपारच्या मुक्कामाला तीच तळून ताटात आली. कोंबडीसारखी लागते, जरा चिवट. खाल्ली खरी, पण खाताना दोनदा पाण्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी वैशालीच्या सासूबाई मार्गो यांचा धक्का आला. घरी आम्ही त्यांना 'तिची सासू' एवढंच म्हणत आलोय. पाण्यावर खांब रोवून उभारलेलं हॉटेल, दारावर फळी. मी नोटा काढून हातात तयार ठेवल्या.

"ते आत ठेवा," वैशाली म्हणाली. "फळीवर आज बंद म्हणून लिवलंय. तुमच्यासाठी हॉटेल बंद ठेवलंय त्यांनी."

"मग मी जेवू कसा?"

तिचा आवाज उतरला. "नाना, चार वर्षं झाली, त्या मला इचारत आल्यात, तुझ्या आईबापाला आम्ही पसंत न्हाई का? मी म्हणते, तसं काई न्हाई. आज तुम्ही उपाशी उठलात तर माझं कोण खरं मानंल?"

मी नोटा खिशात घातल्या. आत मार्गोबाई चुलीपाशी उभ्या होत्या. पिकलेले केस, बाह्या वर सारलेल्या. तेलात पीठ भाजत होत्या. त्यांनी मान हलवून नमस्कार केला, पण उलथनं थांबवलं नाही, कारण थांबलं की पीठ करपतं. रंग तांबूस, मग गडद तपकिरी. तो वास नाकात गेला आणि माझे पाय तिथंच थांबले. आमच्याकडे लग्नाच्या आधी येसर करतात तोच तो भाजका वास. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, लग्नातल्या आमटीचं. वैशालीच्या लग्नात ती आमटी झालीच नव्हती.

आणि विहिणीची पंगतही झाली नव्हती. लेकीच्या बापानं विहिणीला पाटावर बसवून, आग्रह करून वाढायचं, ते राहूनच गेलं होतं. मी रीत रीत करत इतक्या लांब आलो, ती माझ्या सोयीची तेवढीच धरून. लेकीला टोमणा बसू नये म्हणून बाप तिच्या घरी जेवत नसे. इथं माझ्या न जेवण्यानंच ती खाली मान घालून उभी होती.

ल्यूकला म्हटलं, "बोटीतली माझी बॅग आण."

मार्गोबाईंच्याच चुलीवर मी डाळ शिजवली, येसर कालवला, आमटी केली. जरा पातळ झाली; बायको असती तर बोलली असती. मार्गोबाईंना बसवलं, पानाभोवती रांगोळी काढायला काही नव्हतं म्हणून काठावरची रानफुलं मांडली. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, वैशालीला काहीतरी विचारलं.

"पीठ कुणी भाजलं म्हणतायत."

"सांग, तुझ्या आईनं."

त्यांनी पावानं वाटी पुसून खाल्ली. मी पुन्हा वाढलं. त्यांनी नको म्हटलं, मी तरी वाढलं. पंगतीत असंच असतं.

मग त्या उठल्या. खोलगट ताटात भात, त्यावर त्यांचं गंबो, म्हणजे त्याच भाजक्या पिठाचा दाट काळपट रस्सा. ताट धरून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी बसलो आणि जेवलो. आधी तिखट, मग भाजक्या पिठाची खोल चव, मग झिंगा आणि चक्क भेंडी. ताटात काही उरलं नाही. वैशाली पाण्याकडं तोंड करून उभी होती. ल्यूक तिच्या शेजारी गेला.

निघताना मार्गोबाईंनी वैशालीकरवी निरोप दिला. आमटी चांगली आहे, पण तिच्यात भेंडी पाहिजे.

घरी येऊन आठवडा झाला. तिकडच्या-इकडच्या घड्याळाच्या घोळात माझ्या गोळ्यांच्या वेळा अजून चुकतात. ते पाणी डोळ्यांपुढून हलत नाही. नळाला पाणी आलं की उगीच हात बुडवून बसतो. रीत मोडली की पुरी झाली, हे मला ठरवता आलेलं नाही. बायकोला सगळं सांगायचं होतं, सुरुवात जमत नव्हती. काल ती आमटी फोडणीला टाकत होती, तेव्हा म्हटलं, "थोडी भेंडी घाल की तिच्यात."

"आमटीत भेंडी? हे कुणी शिकवलं?"

"विहीणबाईनं."

तिनं पळी खाली ठेवली. हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच निघाला होता.

"जेवलात म्हणा की तिथं."

"जेवलो."

ती टोपलीकडं वळली आणि भेंड्या निवडायला लागली. "विहिणीनं सांगितलंय म्हटल्यावर," ती म्हणाली, "घालावीच लागंल."