नवसाचा गूळ

साखरेची बिमारी झालेली अकरा पोरं घेऊन आठ दिवस चिखलदऱ्याला राहायचं, असं डॉक्टरसाहेबांनी जाहीर केलं तेव्हा दवाखान्यातल्या सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं, खोटं कशाला बोलू? ही साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा अमरावतीला नर्स होते. साहेब विलायतेत शिकून आलेले. तिकडे अशी शिबिरं भरतात, पोरं तंबूत राहतात, खेळतात, स्वतःची सुई स्वतः टोचून घेतात, असं ते मोठ्या कौतुकानं सांगायचे. मी म्हटलं, "साहेब, तिकडचं तिकडे. इथं डोंगरावर एखादं पोरगं आडवं झालं, तर त्याच्या मायबापाला तोंड कसं दाखवायचं?" ते म्हणाले, "म्हणूनच तर तुम्हाला नेतो आहे." मी अंबादेवीला गेले, ओटी भरली आणि म्हटलं, माये, ही अकरा पोरं तुझ्या पदरात. पण मनातली धाकधूक काही गेली नाही.

आणि काय शिबिर झालं म्हणता! इन्सुलिनच्या बाटल्या आम्ही ओल्या रेतीच्या माठात ठेवल्या होत्या. काचेच्या पिचकाऱ्या मी स्वतः उकळायची, सुया दगडावर घासून टोकदार करायची. सकाळी व्हरांड्यात पोरं आपापली काचेची नळी घेऊन ओळीनं बसायची. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही, विटेसारखं लाल झालं तर जास्त. कोणाचं निळं राहिलं की बाकीची टाळ्या वाजवायची. घरी ज्यांना कोणी अंगणात धावू देत नव्हतं, ती पोरं तिथं हुतुतू खेळली. अकोल्याकडची विमल तर नुसती पाप्याचं पितर. अकरा वर्षांची, बिनमायेची. तिला सुई द्यायची वेळ झाली की तिचे वडील खोलीबाहेर निघून जायचे. त्या विमलनं चौथ्या दिवशी मांडीत स्वतः सुई टोचून घेतली आणि माझ्याकडे बघून हसली. मी तोंड फिरवून डोळे पुसले. माझी मान अशी ताठ झाली की काही विचारू नका.

त्याच संध्याकाळी पोरांनी गोष्टीचा धोशा लावला. मी माझीच सांगितली. माझी माय विषमज्वरानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मी देवीचे एकवीस मंगळवार कडक उपास केले, अन्नाचा कण तोंडात घेतला नाही आणि माय उठून बसली. सांगताना मला फार बरं वाटत होतं. समोर बसलेली पोरं कोण आहेत, त्यांनी सुईनंतर वेळेवर खाल्लं नाही तर साखर एकदम उतरून जिवावर कसं बेततं, हे मीच त्यांना रोज बजावत होते. पण देवीचं बोलायला लागले की माझं असंच व्हायचं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. साहेब इन्सुलिनसाठी बर्फ आणायला मोटार घेऊन परतवाड्याला उतरले होते. पोरांना घेऊन मी आणि कंपाउंडर देवरावजी कपारीतल्या देवीला निघालो. आम्ही उतरलो होतो त्या बंगल्यापासून दीड मैल. साहेबांचा हुकूम होता, पोरं जिथं जातील तिथं औषधाची बॅग गेली पाहिजे, कारण ग्लुकोज तिच्यात. पण बॅग होती चामड्याची. देवीपुढे चामडं कसं न्यायचं? माझं मन घेईना. गेलो न् आलो, असं म्हणून मी ती खाटेवर ठेवली आणि पाय धुऊन निघाले. हाती फक्त फुलं. या पोरांसमोर गोड नको म्हणून नैवेद्यसुद्धा घेतला नव्हता.

कपारीत वरून पाणी ठिबकत होतं. पोरं ओंजळी धरून खिदळत होती. विमल तेवढी भिंतीला टेकून उभी. मी हाक मारली तर काहीतरी भलतंच बोलली. जवळ गेले तर घामानं चिंब, हात थरथरत होते, ओठ पांढरे पडलेले. मला पाहताक्षणी कळलं. अंगातली साखर पार उतरली होती. देवरावजी बॅग आणायला पळत सुटले, पण दीड मैल जायचं, दीड मैल यायचं; तोवर पोरगी बेशुद्ध होणार, आणि मग तिच्या घशाखाली काही उतरवता येणार नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी खाली बसले. देवीकडे बघून मी चक्क ओरडले, "माये, तुझ्या पदरात घातली होती ना गं?"

तेवढ्यात पायऱ्यांवरून एक बाई उतरली. लुगडं नेसलेली, पायाला भेगा, कडेवर शेंबडं पोर आणि डोक्यावर गुळाची ढेप. पोर जगलं म्हणून त्याच्या वजनाइतक्या गुळाचा नवस फेडायला डोंगराखालच्या गावाहून चालत आलेली. तिनं विचारलं, "काय झालं वं माय पोट्टीले?" मी म्हटलं, "गोड पाहिजे, आत्ता, नाहीतर पोरगी जाते." तिनं ढेप खाली उतरवली आणि दगड उचलला. आणि मी काय बोलले असेन? सांगायला लाज वाटते. मी म्हटलं, "बाई, नवसाचा गूळ आहे, अजून देवीला दाखवलासुद्धा नाही तुम्ही."

ती म्हणाली, "दाखवीन मंग! पोट्टी मरून राहिली अन् तुमी इचारून काय राहिल्या? देवी का उपाशी हाय? मी सांगतो तिले." आणि तिनं दगड हाणला. देवीच्या डोळ्यांदेखत ढेप फुटली. मी चुरा बोटावर घेऊन विमलच्या गालाच्या आतून चोळला. बाईनं ओंजळीत ठिबकतं पाणी धरून त्यात गूळ कालवला, आणि मी तो थेंब थेंब तिच्या ओठांत सोडत गेले. किती वेळ गेला कोण जाणे. मग विमलनं गिळलं. परत गिळलं. डोळे उघडले आणि म्हणाली, "बाई, तुमी रडता काहून?"

सकाळची सुई घेऊन तिनं भाकर कुत्र्याला घातली होती. "तुमीच त सांगतलं, उपास केला का देवी पावते," ती म्हणाली. तिला आपली बिमारी घालवायची होती. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. देवरावजी धापा टाकत बॅग घेऊन आले तोवर पोरगी उठून बसली होती, आणि ती बाई अर्धी ढेप देवीपुढे ठेवून, उरलेल्यातला मोठा खडा माझ्या पदरात टाकून पायऱ्या चढून गेली होती. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. पुढं कित्येकदा त्या डोंगराखालच्या गावांतून विचारत फिरले, ठिकाणा लागला नाही.

साहेबांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "पोरांना तुम्हीच सांगा." त्या संध्याकाळी मी अकरा पोरांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, तुमची ही नर्सबाई चुकली, तुमचा उपास देवीला नको आहे. अमरावतीला परतल्यावर विमलच्या वडिलांनाही सांगितलं. वाटलं, आता हा माणूस पोरीला घेऊन जाईल आणि पुन्हा कोणी आपलं लेकरू आमच्या हाती देणार नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सुईची वेळ झाली होती. विमलनं पिचकारी भरली, मांडीत टोचली, आणि म्हणाली, "बाबा, पाहा, दुखत नाही." पहिल्यांदाच ते खोलीत थांबले. पुढल्या साली तिला घेऊन ते स्वतः आले, सोबत आणखी दोन पोरांचे मायबाप घेऊन.

त्यानंतर आमची कितीतरी शिबिरं झाली. विमल पुढं नर्स झाली. आता देशोदेशी जाऊन अशीच शिबिरं भरवते. कुठकुठल्या देशांतली काळी-गोरी पोरं काचेच्या नळ्या उंच धरून उभी असलेले फोटो मला पाठवते. ते फोटो मी आल्यागेल्याला दाखवते. अभिमान आहे मला, लपवू कशाला?

लोक मला म्हणतात, ती साक्षात देवीच आली होती हो. मी वाद घालत नाही. पण माझ्यापुरतं विचाराल तर ती बाईच होती. तिच्या पोराचा शेंबूड मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. देवी आली असती तर मी पाया पडले असते आणि होते तशीच राहिले असते. बाई होती, म्हणून मला लाज वाटली. त्या लाजेबद्दल मी देवीचे रोज आभार मानते.