निळी खोळ

आमच्या सरांच्या टायपिंग क्लासात एकाही यंत्राच्या कळांवर अक्षर दिसत नसे. गिरगावातल्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात तीन इंग्रजी यंत्रं आणि एक हिंदी. सरांनी चारही यंत्रांच्या सगळ्या कळा काळ्या रंगाने रंगवून टाकल्या होत्या. "बघून मारायचं असेल तर घरी पाटी घेऊन बस," म्हणायचे. बाहेर आम्ही चौघे एकदम बडवत असू आणि सर आतल्या खोलीत दाढीला साबण लावत असत. तिथूनच आवाज यायचा, "तिसरं यंत्र. डाव्या हाताची करंगळी झोपलीय."

तिसऱ्या यंत्रावर मी असायचो. चार यंत्रांच्या गदारोळात माझी करंगळी या माणसाला ऐकू कशी येते, हे मला आजवर कळलेलं नाही. गाण्यातले कान मी पुढे पुष्कळ पाहिले. असा कान नाही पाहिला.

मी तेव्हा बाविशीचा होतो आणि सरकारी कचेरीत हंगामी कारकून होतो. इंग्रजी आणि हिंदी, दोन्ही टायपिंगची परीक्षा पास झालो तर कायम, नाहीतर घरी. हिंदीत एकदा आपटून झालं होतं. साहेबांनी एकच संधी आणखी दिली होती, तीही तोंड वाकडं करून.

त्या काळी परीक्षेला यंत्र आपलं आपण न्यावं लागे. केंद्र परळच्या एका शाळेत होतं. अकराला इंग्रजी, दोनला हिंदी. सरांनी एक इंग्रजी आणि एक हिंदी यंत्र व्हिक्टोरियात चढवलं आणि स्वतःही काळी टोपी घालून शेजारी बसले. इंग्रजी यंत्रांना खाकी खोळी आणि हिंदीला निळी, अशी क्लासाची पद्धत होती. परीक्षेला जायचं म्हणून सरांच्या पत्नीने चारही खोळी आदल्या दिवशी धुऊन, इस्त्री करून चढवल्या होत्या. नवरीसारखी दिसत होती यंत्रं.

लालबागला मोर्चा लागला. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस ते, गिरणीवाले सगळे रस्त्यावर. गाडीवान म्हणाला, घोडा पुढे जाणार नाही. आम्ही एकेक यंत्र पोटाशी धरून उतरलो, तोच हातात झेंडा घेतलेला एक कामगार आडवा आला.

"ह्या काय हा, मास्तर?"

"टाइपरायटर. परीक्षेला चाललोय."

"कसली?"

"इंग्रजी आणि हिंदी," मी म्हणालो.

तो मागे वळून ओरडला, "ऐकलंत? आपण द्विभाषिक राज्य नको म्हणून घसा फोडतोय आणि हे द्विभाषिक परीक्षा देतायत." सगळे हसले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "चल, मारून दाखव. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. एवढं मार आणि जा."

सरांना राग यायला हवा होता. पण कुणी टायपिंग पाहायला मागतंय म्हटल्यावर ते फुलले. बंद दुकानाच्या पायरीवर निळ्या खोळीतलं यंत्र ठेवलं, खोळ काढली, कागद चढवला. काळ्या कोऱ्या कळा पाहून लोक जवळ सरकले. मी आभाळाकडे बघत ऐटीत घोषणा मारली. न बघता मारतोय म्हणून कुणीतरी शिट्टीही वाजवली.

कामगाराने कागद ओढून घेतला. "हे काय लिहिलंय रे?"

कागदावर इंग्रजी अक्षरं आणि अर्धविराम यांची खिचडी होती. सरांनी दुसरं यंत्र उघडून एक कळ दाबली. तेही इंग्रजी. धुतलेली निळी खोळ भलत्याच यंत्रावर चढली होती आणि हिंदी यंत्र खाकी खोळीत, गिरगावात, सुखाने झोपलं होतं. अक्षरं रंगवून टाकल्यावर सांगणार कोण?

मी पायरीवर बसलो. "नोकरी गेली," एवढंच बोललो.

कामगाराने माझ्याकडे पाहिलं. झेंडा दुसऱ्याच्या हातात दिला. "आमच्या युनियनच्या हापिसात मराठीचा मशीन आसा. पत्रकं काढतो त्यावर. चालेल, मास्तर?"

"यंत्राची कंपनी कुठली?" सरांनी विचारलं. त्याने सांगितल्यावर ते म्हणाले, "कळांची मांडणी तीच. तू जा, इंग्रजी दे. मी आलो."

इंग्रजीचा पेपर मी कसा दिला, आठवत नाही. दोनला दहा कमी असताना शाळेच्या गच्चीवर उभा राहून लालबागच्या रस्त्याकडे डोळे लावून होतो. मोर्चा अजून संपला नव्हता. आणि ती माणसांची भिंत मधोमध उघडत गेली. पुढे काळी टोपी, मागे त्या कामगाराच्या डोक्यावर उघडं यंत्र. घोषणा देणारे घोषणा थांबवून बाजूला होत होते. कुठल्या पुढाऱ्याला त्या दिवशी अशी वाट मिळाली असेल, मला शंका आहे.

"म झिजलाय, जोरात मार," कामगार धापा टाकत म्हणाला. "आणि पाच वाजता पत्रक निघायचंय. मशीन वेळेत हवा."

या यंत्रावर अक्षरं होती. नऊ महिने ज्या घरात काळोखात वावरलो, तिथे कुणी दिवा लावावा आणि मी खुर्चीला अडखळावं, तसं झालं. पहिल्या ओळीत दोन चुका. मग मी खिशातला रुमाल काढून हातांवर पसरला आणि त्याखाली बोटं चालवली. पर्यवेक्षक दोनदा येऊन रुमालाखाली डोकावून गेले.

निकाल आत्ताच सांगून टाकतो. दोन्हीत पास.

सर आणि मी यंत्र परत पोचवायला गेलो, तर साडेचार झालेले आणि पत्रक टाइप करणारा मोर्च्यात अडकलेला. कामगाराने मजकुराचा कागद माझ्यासमोर ठेवला. सरकारची त्यात यथेच्छ धुलाई होती. सरकारी नोकराने असला कागद नुसता हातात धरला तरी साहेबांना निमित्त पुरलं असतं. मी सरांकडे पाहिलं. ते जिन्याच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते, टोपी मांडीवर.

मी मारायला लागलो. म जोरात. पान संपवून मी कागद काढला, तेव्हा सर तसेच पाठमोरे म्हणाले, "आज करंगळी जागी होती."