तार कुणाची?

"आल्यावर ठेवा चहा. आधी ठेवू नका," असं बजावून गार्डबाई निघायच्या. वाट बघत चहा निवला की माणूस परत येत नाही, अशी कुठली तरी भीती त्यांच्या मनात होती. दाराचं कुलूप दोनदा ओढून बघायच्या आणि चार पावलं गेल्यावर पुन्हा मागे यायच्या. मी हसले की म्हणायच्या, "हसा, सिस्टर. माझं काळीज कसं उडतंय, तुमाला काय ठावं?"

हिर्डोशीच्या वर डोंगरातल्या एका वाडीत आम्ही शेजारी राहत होतो. मी उपकेंद्रातली नर्स, त्या वनरक्षक. एकाच घरातल्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने दिलेल्या. घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. गार्डबाई मूळच्या कामथडीच्या, हायवेच्या आवाजात झोपायची सवय असलेल्या. रानातली शांतता त्यांना कधी मानवली नाही. तुम्ही म्हणाल, मग ही नोकरी धरलीच कशाला? मीही विचारलं होतं.

"पळण्यात पास झाले," त्या म्हणाल्या. "भरतीत नुसतं पळायला लावत्यात. भ्या वाटतंय का, हे कुणी इचारलंच न्हाई."

तर अशी ही भित्री बाई रोज काठी घेऊन एकटीच रान फिरायची. उन्हं कलली की माझं लक्ष पायवाटेकडे लागायचं. पेशंटचं बीपी तपासताना माझंच वाढलेलं असायचं.

नाचणी कापणीला आली होती. एका दुपारी उपकेंद्रात एका माणसाला धरून आणलं. दंडावर पंजाचे ओरखडे. "फाशात बिबट्या घावलाय. जवळनं बघाया गेलो," तो कण्हत म्हणाला. मी जखम धुतली, त्याला जीपने भोरला पाठवलं आणि त्याने सांगितलेल्या शेताकडे तशीच पळत सुटले.

डुकरांसाठी कुणी तरी गाडीच्या क्लचच्या तारेचा फासा लावला होता. त्यात बिबट्या कमरेपाशी अडकला होता. अख्खी वाडी जमलेली. कुणाच्या हातात मोबाईल, कुणाच्या हातात दगड. मध्ये गार्डबाई. खबर ऐकून आलेला वनमजूर फोन करायला खाली रस्त्यावर गेलेला. जनावराला माणसं दिसू नयेत म्हणून बाईंनी भात झाकायची ताडपत्री आडवी बांधून घेतली होती. काठी त्यांनी दोन्ही हातांनी आडवी धरली होती.

"मागं सरा! माणूस दिसला की त्यो हिसका मारतोय. तार तुटली तर पयली मी हाय, मग तुमी."

तेवढ्यात गर्दीतून एक दगड ताडपत्रीवर आदळला. पलीकडून अशी गुरगुर आली की बायका पोरांना घेऊन बांधापलीकडे पळाल्या. गार्डबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"मला मारा दगड. मी वळखते तुमाला. त्यो न्हाई वळखत."

मग कुणी दगड उचलला नाही. पण ताडपत्रीमागची गुरगुर थांबली की आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा. मेला? की सुटला? सूर्य डोंगराला टेकायला आला, तेव्हा कुठे पुण्याहून पथक आलं. भुलीचं इंजेक्शन दिलं, तार कापली, पिंजरा उचलला. बिबट्याचं पोट खालीवर होत होतं. जिवंत होता.

पिंजरा खाली गेल्यावर गार्डबाई बांधाआड बसून भडाभडा ओकल्या. मी त्यांचं कपाळ धरलं. तोंड पुसून त्या उठल्या, कापलेली तार हातात घेतली आणि विचारलं, "कुणाची?"

शेत काकांचं होतं. शेवटी तेच पुढे आले.

"डुकरं पीक ठेवंनात, बाई. त्यांच्यासाठी लावलीवती. तुमाला लेकीगत घरात ठेवलंय आमी."

"व्हय, काका. पन तार तुमचीच ना?"

काकांनी मान खाली घातली. "व्हय."

गुन्हा दाखल झाला. काकांना नेलं, मग जामिनावर सोडलं. काकूंनी बोलणं टाकलं, वाडीने दूध घालणं बंद केलं. एका सकाळी बाईंच्या दुचाकीचे दोन्ही टायर कुणी तरी चिरून ठेवलेले दिसले. तरी त्या काठी घेऊन निघायच्याच. एकदा परत आल्यावर उंबऱ्यातच बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पयलं रानाचं भ्या वाटायचं, सिस्टर. आता वाडीत शिरताना वाटतंय."

पुढे त्यांची बदली वेल्ह्याच्या बाजूला झाली. निघायच्या सकाळी कुणी दाराबाहेर आलं नाही. आम्ही दोघी त्यांची ट्रंक ओढत होतो, तोच काका गोठ्यातून आले. ट्रंक खांद्यावर घेतली आणि थांब्याकडे पुढे चालू लागले. एसटी आल्यावर ती आत चढवली आणि हात झटकत उभे राहिले.

"तिकडचं रान दाट हाय," ते चाकाकडे बघत म्हणाले.

"व्हय." गार्डबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "कोर्टाच्या तारखेला भेटू, काका."

"येतोय की."

एसटी वळणाआड गेली. तिचा आवाजही येईनासा झाला, तरी काका हलले नाहीत. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तिकडं बी एकट्याच फिरनार का वो त्या?"