तळहातावरचं लिंबू

माझा नवरा गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दागिने घडवणारा कारागीर आहे. आमच्या घरात सगळ्यात महागाची वस्तू कोणती असेल, तर त्याचा उजवा हात. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना तेवढी सूट घेते. या माणसाच्या तळहातावर एक दिवस मी दांडपट्ट्याचा वार करणार आहे, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी घराबाहेर पाऊलच टाकलं नसतं. तसंही त्या काळात मी ते टाकत नव्हतेच म्हणा.

झालं होतं असं. दूध संस्थेच्या ऑफिसातून संध्याकाळी परत येत होते. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी मागून मोटरसायकल आली आणि मागे बसलेल्याने माझं मंगळसूत्र धरून ओढलं. ते तुटलं नाही. त्यामुळे मीच गाडीबरोबर फरफटत गेले. विजेच्या खांबाला माझा खांदा आपटला तेव्हा कुठे त्याने हात सोडला. सोनं वाचलं, गळ्याभोवती वळ राहिला, आणि एवढं सगळं होईपर्यंत माझ्या तोंडून साधा आवाज निघाला नाही. मंगळसूत्र नवऱ्यानेच घडवलेलं. तो रात्रभर एकच वाक्य बोलत होता, "लई पक्कं केलं मी. जरा कच्चं ठेवलं असतं तर सुटली असतीस."

त्यानंतर मागून गाडीचा आवाज आला की मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. गाडी जाईपर्यंत श्वास धरायची. दिवेलागण झाली की दूध आणायलासुद्धा जायची नाही. ऑफिसात साहेबांना सांगून लवकर निघायला लागले. हे असंच चालू राहिलं तर नोकरी सुटेल आणि मी खिडकीतली बाई होऊन बसेन, हे मला दिसत होतं. त्याचीही भीती वाटायची.

आता कोल्हापुरात कुणाला भीती वाटते म्हटलं, की त्यावर उपाय एकच, कुस्ती. माझे वडील जुने पैलवान, दोन्ही कान कुस्तीत फुटलेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बैल बाजारात बघतात तसं. "अंग बघ की तुझं. मान बघ. हे कुस्तीचं अंग हाय. कुणीबी सांगंल." आणि खरोखरच कुणीही सांगितलं. शेजारणीने सांगितलं, भाजीवाल्याने सांगितलं. आमच्याकडे माणसाला काय जमेल हे त्याच्या खांद्यांच्या रुंदीवरून ठरतं. आत काय चाललंय हे कुणी विचारत नाही.

बायकांसाठी कुस्ती शिकवणारी एक तरणी पोरगी होती. तिने पहिल्याच आठवड्यात मला मॅटवर बसवलं आणि मागून मानेला हात घातला. डाव काय होता ते मला आजही माहीत नाही. मागून गळ्याला काहीतरी लागलं एवढंच कळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी त्या पोरीच्या हाताला कडकडून चावले. बिचारी रडायची बाकी राहिली. वडील तिथेच बाकावर बसलेले. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि घरचा रस्ता धरला.

मग कराटे. तिथे माझ्या पुढे सातवी-आठवीतली मुलं, आणि त्यांच्या मागे पांढऱ्या कपड्यांतली मी. लाथ कमरेच्या वर जाईना, ते एक वेळ चाललं असतं. पण प्रत्येक ठोशाला ओरडायचं होतं. सगळी मुलं ओरडायची, आणि माझ्या गळ्यातून नुसती हवा. सर म्हणायचे, "मॅडम, आवाज." आवाज असता तर मी त्या गल्लीतच काढला नसता का? महिन्याभरात तेही सुटलं.

मर्दानी खेळाच्या, म्हणजे लाठी-दांडपट्ट्याच्या तालमीत मला नवऱ्याने नेलं. तिथले वस्ताद त्याच्या ओळखीचे. सत्तरीच्या पुढचे, बारीक अंगाचे. रमजान चालू होता, म्हणून रोजा सोडून ते उशिराच आले. नवऱ्याला "बसा की पावणं" म्हणाले आणि मला बस म्हणालेच नाहीत. मी दाराजवळ भिंतीला पाठ लावून उभी होते. पोरं लाठ्या फिरवत होती. वस्ताद त्यांच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होते.

"भाकरी थापतीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मनगट दाव." त्यांनी मनगट धरून फिरवून पाहिलं. "कुस्तीला अंग लागतंय, ते तुझ्याकडं हाय. पर कुस्तीत माणसाला मिठी मारायला लागती. तुला तर माणूस जवळ आल्यालं खपत न्हाय. मग त्याला लांब ठेवायचंच शीक की."

इतक्या महिन्यांत माझ्या भीतीला कुणी नावं ठेवली नाहीत किंवा ती घालवायचा हुकूमही सोडला नाही, असं पहिल्यांदाच झालं. मला तिथेच रडू आलं. वस्तादांनी तिकडे लक्ष दिलं नाही, कोपऱ्यातली लाठी तेवढी हातात दिली.

लाठी मला आली. लवकर आली. ती भोवती फिरू लागली की तेवढ्या गोलात कुणी शिरत नाही. भीती गेली नाही, पण गोलाच्या बाहेर उभी राहिली. कुणाचा हात कुठे आहे, कुणाचं वजन कुठल्या पायावर आहे, हे मला आधी कळायचं, कारण गल्लीतल्या त्या संध्याकाळपासून मी दुसरं काही बघतच नव्हते. हळूहळू मी दिवेलागणीनंतर एकटी तालमीत जाऊ लागले. गाडीचा आवाज आला की अजून थांबायची, पण भिंत शोधायची नाही.

वर्षभराने वस्तादांनी पट्टा दिला. लवलवतं लांब पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. पट्ट्याने माणसाच्या तळहातावरचं लिंबू कापायचं, तर सरावाला ओल्या मातीचा गोळा घेतात. गोळ्यावर लिंबू ठेवायचं, वार करायचा, आणि मग खाली वाकून माती बघायची. लिंबाच्या दोन फोडी झाल्या आणि मातीवर रेघ उठली नाही, तर वार साधला. रेघ उठली, तर तिथे कुणाचा तरी हात होता असं समजायचं. माझ्या मातीवर आधी खोल चिरा पडायच्या. मग बारीक रेघा. मग कधी रेघ, कधी नाही.

त्या तालमीचा एक रिवाज आहे. दर वर्षी माणसाच्या हातावरचं पहिलं लिंबू घरच्याच माणसाच्या हातावर ठेवायचं. "परक्याच्या हातावर माणूस बेफिकीर व्हतो," वस्ताद म्हणाले. वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, लग्न झाल्यावर घरचा माणूस म्हणजे नवरा. एवढ्या मोठ्या पैलवानाने किती चपळाईने अंग काढून घेतलं ते बघण्यासारखं होतं.

नवरा मात्र लगेच तयार झाला. "त्यात काय व्हतंय?" म्हणाला. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. याच बोटांत तो केसाएवढी तार धरतो. एक शीर तुटली तर तो पुन्हा चिमटा धरू शकणार नाही. आमचं घर त्या हातावर चालतं. शिवजयंतीच्या आधीचा एक दिवस ठरला. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी सरावाला गेले आणि मातीवर रेघ उठली. स्पष्ट, लांब, नखाने ओढल्यासारखी. मी वस्तादांना म्हटलं, मला न्हाय जमायचं. ते म्हणाले, "रेघ मला बी दिसली. उद्या ये." मी घरी हे सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. नवरा जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला, मग तो म्हणाला, "बघू की."

दुसऱ्या दिवशी तालमीच्या अंगणात तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. उजवा हात पुढे केला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तो हात मागे घेतला आणि डावा पुढे केला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी हातच बघत असते. क्षणभर वाईट वाटलं. मग नीट बघितलं, तर त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मागे नेलेल्या उजव्या हाताची मूठ घट्ट आवळलेली होती. हा माणूस भ्याला होता, माझ्याइतकाच, आणि तरी समोर बसला होता. माझा हात तेव्हा स्थिर झाला. का ते मला सांगता येत नाही. एवढंच वाटलं, की या अंगणात मी एकटी नाही.

लिंबाच्या दोन फोडी झाल्या. त्याने हात उलटसुलट करून बघितला. वस्तादांनी त्याचा तळहात उजेडात धरला आणि म्हणाले, "रेघ न्हाय. ज्या हायत त्या जन्माच्या हायत." घरी आल्यावर त्याने चहाचा कप उचलला, तर बशीत निम्मा सांडला. दोघांनाही हसू आलं. डाव्या हाताबद्दल मी बोलले नाही, तोही नाही.

यंदा पुन्हा शिवजयंतीच्या आधी वस्तादांनी घरच्या माणसाला बोलावलं. आता मी अंधार पडल्यावरही ऑफिसातून चालत येते. मागून गाडी आली की वळून तिच्याकडे बघते. मला वाटलं होतं, या वेळी सोपं जाईल.

नवरा समोर बसला. उजवा हात पुढे केला. मी वाट बघितली. तो हात मागे गेला नाही.

"अहो, डावा द्या की," मी हळूच म्हटलं.

"का? हा काय वाईट हाय?" असं म्हणून तो शेजारच्या माणसाशी पार्किंगबद्दल बोलू लागला. कपाळ कोरडं. बोटं सैल. हातावर लिंबू ठेवलं तरी त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझी पाचावर धारण बसली. मागच्या वेळी भीती आम्ही दोघांत वाटून घेतली होती. आता त्याने त्याचा वाटाही मला देऊन टाकला होता, आणि ती सगळी एकटीने हातात धरून मी पट्टा उचलला.