छापून वाटलेले पासवर्ड

"ताई, माझं नाव त्या साइटवरून काढा. आजच काढा."

फोनवर रेखा होती. घर पारोळ्याला, नोकरी चाळीसगावच्या शाळेत, शिक्षिका. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण तिची उंची, रंग, शिक्षण आणि घरचा फोन नंबर, सगळं मला पाठ होतं, कारण ते मीच टाइप केलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये वेबसाइट बनवायचे. त्याआधी कॉलेजात हुंड्याविरुद्ध पत्रकं काढून एसटी स्टँडवर वाटायचे. आणि मला पहिलं मोठं काम मिळालं ते जळगावच्या एका वधू-वर सूचक मंडळाचं! हसायचं असेल तर हसून घ्या.

साइट सताड उघडी होती. कुणीही सायबर कॅफेत बसावं, मुलींचे फोटो पाहावेत, खालचा नंबर फिरवावा. रेखाच्या घरी रोज फोन यायला लागले. एखादा खरंच लग्नाचं विचारायचा, बाकीचे गाणी म्हणायचे. तिच्या वडिलांनी, आबांनी, दोष दिला तो तिलाच. पोरगी रोज बसने चाळीसगावला जाते, म्हणून हे होतं म्हणे! नाव मात्र ते काढू देईनात, कारण स्थळ यायला हवं. महिनाअखेरपर्यंत फोन थांबले नाहीत तर शाळा सोडायची, असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं.

मी जळगावला मंडळाच्या सेक्रेटरींकडे, नानांकडे, गेले. नाना म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर.

"अगं, अमेरिकेतून लोक साइट बघतात!" नाना खूश.

"अमेरिकेतून नाही नाना, पानटपरीवरून बघतात. लॉगिन लावू या."

लॉगिन म्हणजे काय, ते मी त्यांना असं सांगितलं: प्रत्येक सभासदाला एक नाव आणि एक गुप्त शब्द, म्हणजे पासवर्ड. तो टाकल्याशिवाय मुलामुलींची पानं उघडणार नाहीत.

"फक्त सभासदांनाच? झकास! सभासद वाढतील."

कारण चुकीचं होतं, पण होकार मिळाला.

आमची साइट अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर भाड्याच्या जागेत होती. त्यालाच होस्टिंग म्हणतात. आमच्या स्वस्त प्लॅनमध्ये एवढंच चालायचं: एका फोल्डरला कुलूप, आणि एका फाइलमध्ये ओळीला एक सभासद. मी दोनशेवर ओळी भरल्या. क्लासच्या फोनच्या तारेवरून चालणारं डायल-अप इंटरनेट दर पाच मिनिटांनी तुटायचं. कुणी क्लासला फोन केला की माझी फाइल गेलीच! तीन दिवसांनी एकदाची ती तिकडच्या कॉम्प्युटरवर चढली. मग प्रत्येक पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटं डकवली आणि नानांच्या हातात दिली. "ज्याचं त्यालाच पाठवा," असं दोनदा बजावलं.

आठवड्याने रेखाचा फोन. "ताई, फोन आता जास्तच यायला लागलेत."

मी पुन्हा जळगाव गाठलं. नानांनी अभिमानाने मंडळाची मासिक पत्रिका पुढे केली. मधल्या दोन पानांवर सगळ्या सभासदांची यादी. नाव, गाव, लॉगिन, पासवर्ड. मंगल कार्यालयाच्या फळ्यावरही तीच पानं टाचलेली.

"नाना, हे काय केलंत?"

"पाकिटात घालून पाठवलं की याला मिळालं, त्याला नाही, अशी बोंब होते. यादी छापली की कुणाचा रुसवा नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेत सुद्धा कुणाचं नाव गाळता येतं का?"

"पण हे गुप्त असतं!"

"सभासदांपासून काय गुप्त ठेवायचं?"

कागद कुठवर जातो हे मला कुणी शिकवायला नको. माझ्याच पत्रकांत मी भेळ खाल्लेली आहे.

मी म्हणाले, "सगळे पासवर्ड बदलते."

"मग पुढच्या अंकात पुन्हा छापावे लागतील. आणि बदल करायचा तर कार्यकारिणीची बैठक घ्यावी लागेल."

बैठक पुढच्या महिन्यात. रेखाकडे उरले होते नऊ दिवस. मी धुळ्याला परतले आणि कुणालाही न विचारता सगळ्या मुलींच्या पानांवरचे फोन नंबर काढले. त्या जागी मंडळाचा नंबर घातला. मंडळाचा फोन होता नानांच्या घरात.

चौथ्या दिवशी क्लासमध्ये नानांचा फोन. मागे त्यांच्या बायकोचा, अक्कांचा, आवाज चढलेला: "मला गाणं म्हणून दाखवतो मेला!"

"पोरी, हे रोज असंच असतं?" नानांनी विचारलं.

"रोज. पण तुमच्याकडे सगळ्या मुलींचे एकत्र येतात."

बैठक त्याच रविवारी झाली. पत्रिकेत यादी छापायची नाही असा ठराव झाला. मी नवे पासवर्ड केले, आणि नाना स्वतः पाकिटं घेऊन पोस्टात गेले. मग ते मला घेऊन पारोळ्याला आले. आबा ओट्यावरच होते. फोन थांबत आले होते, पण सगळं गाव घरी फोन करतं हा राग अहिराणीत बाहेर आला.

"हाई काय शे नाना? बठ्ठा गाव मन्हा घर फोन करी राहिना!"

"चूक आमची आहे आबा. नंबर आम्ही उघडा ठेवला. पोरीचा यात काही संबंध नाही."

हेच रेखा महिनाभर सांगत होती. आबांना ते पटलं हेडमास्तरांच्या तोंडून, दोन मिनिटांत. शाळा चालू राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. मी दात-ओठ खात चहा प्याले.

निघताना रेखा फाटकापर्यंत आली. "ताई, मला एक लॉगिन द्याल? मुलांची पानं मला बघायची आहेत. आबा मला दाखवत नाहीत."

मी नानांकडे पाहिलं.

"तिला कसं देणार? सभासद आबा आहेत. मुली सभासद नसतात," नाना म्हणाले.

दोनशेवर ओळी मी स्वतःच्या हाताने टाइप केल्या होत्या. त्यांत एकाही मुलीचं नाव नव्हतं, आणि ते मला, हुंड्याविरुद्ध पत्रकं वाटणारीला, तोवर दिसलं नव्हतं. सभासद कोण, हे कुलूप लावायच्या आधी विचारायचं असतं.

दुसऱ्या दिवशी मी फाइलमध्ये रेखाच्या नावाची एक ओळ वाढवली. बैठकीची वाट पाहिली नाही.